दोन दुष्काळ आणि एक बाई

आज ५ एप्रिल. पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. १९२२ साली याच दिवशी केडगावला त्यांचं निधन झालं.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की यवत, खुटबाव आणि मग केडगाव लागतं. आपल्यातली कितीतरी माणसं रोज याच रुळांवरून नोकरीला जातात. केडगावचं 'मुक्ती मिशन' ऐकून सगळ्यांना माहीत असतं. पण रमाबाई कोण असं विचारलं की उत्तरं दोनच येतात. एक, "त्या ख्रिश्चन झालेल्या बाई ना?" दुसरं, "थोर समाजसुधारक होत्या." पहिलं उत्तर देणारे धर्मांतराशीच थांबतात. दुसरे धर्मांतराचा विषय हळूच बाजूला सारतात, जणू ती एखादी चूक होती आणि बाकीचं काम चांगलं होतं म्हणून माफ करायची.

मला वाटतं दोघांकडूनही एक गोष्ट निसटते. रमाबाईंच्या आयुष्यात दोन दुष्काळ आले. पहिल्यात त्या भुकेल्या पोरी होत्या. दुसऱ्यात त्याच बाई भुकेल्या पोरींना शोधत उन्हातान्हात फिरत होत्या. मधल्या वीस-बावीस वर्षांत काय घडलं? उपाशी पोरीची सोडवणारी बाई कशी झाली? याचं उत्तर त्यांनी स्वतः आपल्या ख्रिस्ती श्रद्धेत सांगितलं आहे. ते आपल्याला पटो न पटो, इतिहास वाचायचा तर नीट ऐकून घेतलं पाहिजे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात घरापासून करू.

वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. शास्त्रीबुवांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांनी जाब विचारला, शास्त्रार्थ झाले, पण हा माणूस हटला नाही. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी बिऱ्हाड थाटलं आणि तिथेच २३ एप्रिल १८५८ ला रमा जन्मली.

घरी विद्यार्थी, पाहुणे, यात्रेकरू यांचा राबता. खर्च वाढत गेला, कर्ज झालं, घर सुटलं. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना हे कुटुंब यात्रेला निघालं. तिला वेताच्या पेटीत घालून हमालाच्या डोक्यावर दिलं होतं. पुढची जवळपास वीस वर्षं घर असं नाहीच. या क्षेत्राहून त्या क्षेत्राला जायचं, देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर गुजराण करायची. वडील थकले होते म्हणून रमाला आईने शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक पोरीच्या तोंडी होते.

दक्षिणेत १८७६ ते ७८ चा महादुष्काळ इतिहासाच्या पुस्तकात आहे. पण डोंगऱ्यांच्या घरी भूक त्याच्या आधीच येऊन बसली होती. हाताशी असलेला पैसा देवदर्शन, दानधर्म, ब्राह्मणभोजन यांत गेला. मग भांडीकुंडी गेली. पुराण ऐकायला माणसं येईनात, कारण ऐकणाऱ्यांच्याच घरात दाणा नव्हता.

इथे रमाबाईंनी पुढे एक गोष्ट फार प्रामाणिकपणे लिहिली आहे. आम्हाला कष्टाचं एकही काम येत नव्हतं, असं त्या सांगतात. विद्वानाचं घराणं, त्यामुळे मोलमजुरी करायची लाज. भीक मागायचीही लाज. वेद-पुराणं पाठ, पण चार पैसे मिळतील असं हाताला काही येत नाही. शेवटी हे कुटुंब तिरुपतीच्या बाजूच्या रानात शिरलं. झाडाचा पाला खाऊन आणि पाणी पिऊन दिवस काढले. म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला, म्हणाला मी मजुरी करतो. पण तोवर उशीर झाला होता. वडील गेले.

पुढे काही महिन्यांतच आई आजारी पडली. अन्न मागत होती. रमा एका घरी गेली, तोंडातून शब्द फुटेना, पण मागितलं. भाकरीचा तुकडा मिळाला. तो घेऊन परत आली तर आईला तो खाण्याचंही त्राण उरलं नव्हतं. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोघे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथी रमा. तिची उंची कमी, खांद्याला तिरडी पोचेना, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैल लांब होतं.

मग थोरली बहीण कृष्णाबाई गेली.

उरले बहीण-भाऊ. रमा तेव्हा अठराच्या आसपास. दोघं पायी निघाले आणि पुढच्या काही वर्षांत जवळजवळ चार हजार मैल चालले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जायची वेळ आली. अंगावर पांघरूण नाही. तेव्हा या दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरड्या वाळूत स्वतःला पुरून घेतलं. मरणाच्या खड्ड्यात झोपून रात्र काढायची, सकाळी उठून चालायला लागायचं. असे हे दिवस.

या चालण्यात रमाचा देवावरचा विश्वास उडाला. सांगितलेलं सगळं केलं होतं. उपास, व्रतं, प्रदक्षिणा, जप, तीर्थस्नानं, काही बाकी ठेवलं नव्हतं. त्या लिहितात ते रागाने लिहीत नाहीत. केलं आणि काही आलं नाही, एवढंच सांगतात. इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. संकट आलं, ख्रिस्त भेटला, संकट गेलं, असा हा सरळ हिशोब नाही. पहिला दुष्काळ रमाने कुठल्याही श्रद्धेच्या आधाराशिवाय काढला. जी होती ती गळून पडली आणि नवी अजून आली नव्हती.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले आणि नशीब पालटलं. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या तिथल्याच. केशवचंद्र सेनांनी तिला वेद वाचायला सांगितलं. एकीकडे बायकांनी वेद वाचू नयेत असं शास्त्र सांगायचं, म्हणून तिने आजवर वाचले नव्हते. आता वेद वाचले, धर्मशास्त्रंही वाचली आणि एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली. ग्रंथांची आपसात अनेक बाबतींत मतं वेगळी, पण बायका आणि शूद्र यांना हलकं लेखण्यावर बहुतेकांचं एकमत. बाईला बाई म्हणून मोक्ष नाही. हे तिने परक्या मिशनऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मूळ संस्कृतातून स्वतः वाचलं होतं. पुढे पुण्याचे पंडित तिच्यावर चिडले त्यामागे हेही एक कारण होतं. हिला काही कळत नाही, असं म्हणायची सोय नव्हती.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामच्या बाजूला सिलचरला संसार मांडला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. वाचून त्या भारावल्या, नवऱ्याला मात्र ते रुचलं नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

वय वर्षं तेवीस. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले. मांडीवर दहा महिन्यांची पोर.

त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर या मंडळींनी आदराने स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिक्षिका हव्यात, बायकांना बाई-डॉक्टर हव्यात, नाहीतर बायका लाजेने मरतील पण पुरुष डॉक्टरपुढे येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीतून भाड्याचे पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये दोन वर्षांची मनोरमा बरोबर घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत होतं म्हणून डॉक्टरकीचं स्वप्न तिथेच मिटलं. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात आणखी एक मरण.

आता तो प्रश्न. त्या ख्रिस्ती का झाल्या?

पैशासाठी, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. रमाबाईंनी स्वतः जे कारण दिलं ते वेगळं आहे. इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या जोगिणींनी त्यांना लंडनमध्ये फुलहम इथलं एक घर दाखवलं. समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा होता. शिक्षा म्हणून कोंडलेलं नव्हतं. त्यांच्याशी माणसासारखं वागत होते. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. ज्या शास्त्रात वाढल्या तिथे अशा बाईला प्रायश्चित्त तरी होतं नाहीतर बहिष्कार. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून एका जोगिणीने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. परजातीची, पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटीच पाण्याला आलेली बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी देवाबद्दल बोलतो.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळी सांगायला नको. पाणवठा म्हणजे काय, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या नाही, हे मराठी माणसाला जितकं समजतं तितकं त्या वाँटेजच्या जोगिणीलाही समजलं नसेल. जिने वेगळ्या जातीत लग्न केलं, जी विधवा होती आणि जिचा बाई म्हणून मोक्षाचा दरवाजा बंद होता, तिला ती विहीर आपलीच वाटली. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे आधी काम दिसलं, मग श्रद्धा आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पण नवा धर्म घेतला म्हणून रमाबाई कुणाच्या दावणीला बांधल्या गेल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत होत्या, शिकवतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उलट सुनावलं की मी हिंदुस्थानात पुरुषांच्या भरसभेत बोलत आले आहे, इथे येऊन मागे का जाऊ? त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि चर्चच्या अधिकारावर त्यांचे जोगिणींशी पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असंही त्यांनी विचारलं. ज्या बाईने शास्त्रीपंडितांचं निमूट ऐकलं नाही ती बिशपचं ऐकेल असं समजणारे फसले.

इकडे पुण्यात गदारोळ उठला होता. त्या वेळी जोतिराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. जोतिराव ख्रिस्ती नव्हते. पण बाईने स्वतः वाचून, विचार करून निर्णय घेतला तर तिला तो हक्क आहे, हे त्यांना कळत होतं.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं, दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. सुरुवातीच्या मुलींत एक बालविधवा होती, गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आलं.

नियम असा होता की सदनात धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. ज्या मुलींना वाटलं त्या येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वीसहून जास्त मुलींना पालकांनी काढून नेलं. दार उघडं ठेवणं हे आमंत्रणच नव्हे काय, असं टीकाकार विचारत. रमाबाई म्हणत, मी माझ्या घरात देवाचं नाव दार लावून का घेऊ? दोन्ही बाजूंना काही म्हणणं होतं. पण ज्या मुली परत गेल्या त्यांचं पुढे काय झालं, हे त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारलं.

या काळातली एक आतली गोष्टही त्यांनी लिहून ठेवली आहे. बाप्तिस्म्याला सात-आठ वर्षं झाली तेव्हा त्यांना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. डोक्याने पटलं होतं, मन अजून रितं होतं. तिथून पुढे त्यांची श्रद्धा बदलली. वाद घालणं कमी झालं, भरवसा ठेवणं वाढलं. संकटात मिळणाऱ्या बळाबद्दल त्या बोलतात ते या टप्प्यानंतरचं.

आणि मग दुसरा दुष्काळ आला.

१८९६ चा पाऊस गेला. मध्य प्रांतात हाहाकार उडाला. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या. पुण्यात सदन चालू होतं, पैसा मोजका होता, मुली होत्या तेवढ्याच सांभाळणं कठीण होतं. जायची काही सक्ती नव्हती. पण आपले आईवडील आणि बहीण डोळ्यांपुढे आले आणि स्वस्थ बसवेना, असं त्या सांगतात. त्या निघाल्या. सरकारी मदत-छावण्या आणि अन्नछत्रं बघितली. हाडांचे सापळे झालेल्या पोरी बघितल्या. त्याहून भयंकर म्हणजे अशा पोरींच्या शोधात दुसरीही माणसं फिरत होती, भाकरीचं आमिष दाखवून त्यांना वाईट धंद्याला लावणारी. रमाबाईंनी हे झाकून ठेवलं नाही, लिहून छापलं. सुमारे तीनशे बायका-मुली त्यांनी आणल्या.

ठेवायच्या कुठे? तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. याच प्लेगात, मार्च १८९७ मध्ये, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. शहरात नव्या मुलींची गर्दी करायला सरकारी बंदी होती. सदनाला उत्पन्न व्हावं, फळबाग लावावी म्हणून रमाबाईंनी आधीच केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. माळरान होतं. तिथे तंबू आणि छपरं उभी राहिली. हीच मुक्ती.

त्याच १८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांना कसं वागवलं जातं यावर रमाबाईंनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. थेट गव्हर्नरपर्यंत खळबळ माजली. ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रजांची झाली, असं समजणाऱ्यांनी हे पत्र आठवावं. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनातही त्या प्रतिनिधी म्हणून हजर होत्या, हेही.

मग १८९९-१९०० चा 'छप्पनचा दुष्काळ' आला. गुजरात, राजपुताना होरपळला. आता सोडवायला मुक्तीतल्याच बायका गेल्या. आधीच्या दुष्काळातल्या उपाशी पोरी आता दुसऱ्या पोरींना हाताला धरून आणत होत्या. १९०० च्या आसपास केडगावच्या माळावर दोन हजारांच्या जवळपास माणसं जेवत होती.

आता त्या घरातल्या कामाकडे पाहा. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरं, शेती, धुलाई, छापखाना. अंध मुलींना ब्रेल. टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन. अक्षरओळख सगळ्यांना, पण हाताला काम हे आलंच पाहिजे. आता तिरुपतीचं रान आठवा. वेद-पुराणं पाठ असलेलं घर पाला खाऊन मेलं, कारण कष्टाचं काम येत नव्हतं आणि करायची लाज होती. त्या घरातली एकुलती एक वाचलेली लेक आपल्या दोन हजार मुलींना घाण्यापाशी, मागापाशी उभं करते. भाकरी मागायला लाजलेल्या पोरीने ठरवलं की माझ्या मुलीवर ती वेळ येणार नाही. फुलहमचं ते घर आणि रायचूरकडे संपलेली आई, दोन्ही इथे केडगावात एकत्र येतात.

एक प्रश्न टाळून चालणार नाही. यातल्या बऱ्याच मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोरीला अन्न देऊन धर्म देणं योग्य का? हा प्रश्न रास्त आहे. तेव्हाही होता, आजही आहे. भुकेल्या माणसाची निवड पूर्ण मोकळी नसते, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्याबरोबर दुसराही प्रश्न विचारावा लागेल. त्या छावणीत त्या पोरीसमोर कोण कोण उभं होतं? धर्म बुडाला म्हणून ओरडणारे किती जण त्या मध्य प्रांतात बैलगाडी घेऊन गेले होते? टीका करायचा हक्क सगळ्यांना आहे. मात्र पाहुण्याच्या ताटातली भाजी खारट आहे हे सांगणाऱ्याने आपल्या घरची चूल पेटली होती का, हेही सांगावं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. श्रद्धेने संकटात बळ मिळतं असं आपण सहज म्हणतो. मंदिरात म्हणतो, चर्चमध्ये म्हणतो, दर्ग्यावर म्हणतो. बहुतेकदा अर्थ असतो की मनाला दिलासा मिळतो, दुःख सोसवतं. रमाबाईंच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. त्यांची श्रद्धा त्यांना दुःखापासून लांब नेत नव्हती, पुन्हा दुःखाच्या दारात नेऊन उभी करत होती. ज्या भुकेने घर संपवलं तिच्याच समोर परत जायचं, तेही स्वखुशीने. आपण असतो तर 'दुष्काळ' हा शब्दही पुन्हा नको वाटला असता.

त्यांच्या मते हे धैर्य त्यांचं स्वतःचं नव्हतं. मुक्तीमागे मोठा बांधील निधी नव्हता. उद्याच्या दाण्याची सोय आज नसायची, अशा वेळी प्रार्थना करायची आणि सकाळी कामाला लागायचं, ही तिथली रीत. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची एवढी मोठी लाट आली की जगभरच्या ख्रिस्ती लोकांचं लक्ष केडगावकडे वळलं. पण त्या प्रार्थनेच्या दिवसांतही घाणा फिरत होता आणि गाई दोहल्या जात होत्या. प्रार्थना आणि काम यांची तिथे फारकत नव्हती.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. आधीची भाषांतरं साध्या बायकांना जड जातात असं त्यांना वाटे. त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. भाषांतर केलं एकटीने, छापलं मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्या बायकांनी. संस्कृतचा अभिमान बाळगायला जिला सगळ्यात जास्त हक्क, तिने मुद्दाम सोपी मराठी निवडली, कारण वाचणारी कोण हे तिला ठाऊक होतं.

आणि दुःखाने पाठ काही सोडली नाही. कान जवळजवळ गेले होते. मनोरमा, जी दहा महिन्यांची असताना बाप गेला, जी आईबरोबर जग फिरली आणि मुक्तीचा कारभार हाती घेणार होती, ती जुलै १९२१ मध्ये मिरजेच्या इस्पितळात गेली. वय चाळीस. तरुणपणी जवळची सगळी माणसं गमावलेल्या बाईने त्रेसष्टाव्या वर्षी एकुलती एक लेकही गमावली. त्यानंतर नऊ महिनेही झाले नाहीत, तोवर रमाबाईही गेल्या. भाषांतर पुरं करूनच गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये, त्यांच्या माघारी.

श्रद्धा असूनही लेक गेली, मग उपयोग काय, असं कुणी विचारेल. रमाबाईंनी देवाशी असा सौदा कधी केलाच नव्हता. पहिल्या दुष्काळात व्रतांच्या बदल्यात पाऊस आणि पैसा मागून झाला होता, तो हिशोब त्यांनी तिथेच मिटवला होता. नंतर मागितलं ते उभं राहायचं बळ. आणि ते कशासाठी हवं होतं, हे केडगावच्या माळावर दिसतं.

आपण ख्रिस्ती असा, हिंदू असा, बौद्ध असा, मुसलमान असा किंवा काहीच न मानणारे असा, एक साधी कसोटी या बाईकडून घेण्यासारखी आहे. आपल्या श्रद्धेने आपल्याला बळ दिलं असं आपण म्हणतो ना? मग ते बळ कुणाच्या उपयोगी पडलं?

१९८९ मध्ये टपाल खात्याने रमाबाईंचं तिकीट काढलं. मुक्ती आजही केडगावला चालू आहे, तिथे आजही बायका-मुलींना आसरा मिळतो. पुढच्या वेळी दौंडच्या गाडीत केडगाव आलं की मोबाईलमधून मान वर करून एकदा बाहेर बघा. आईची तिरडी डोक्यावर घेऊन तीन मैल चाललेली पोर शेवटी इथे येऊन थांबली होती.

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नाही तर खाली लिहा, पण पूर्ण वाचून लिहा.